आजोबांचं पार्कर, अडकलेला लिव्हर आणि बाकीचे प्रश्न

जुन्या फाऊंटन पेनांबद्दलचे बरेच प्रश्न साठलेत, त्यातले काही एकत्रच घेतो. आधीच सांगून टाकतो की निम्म्या प्रश्नांचं उत्तर 'जरा थांबा' असंच आहे, कारण जुनी पेनं वापरून जेवढी खराब होत नाहीत तेवढी हौसेने दुरुस्त करताना होतात.

प्रश्न : आजोबांचं पार्कर ५१ कपाटात सापडलं, कित्येक वर्षं तसंच पडून होतं. आत शाई पार वाळलीये. एक मित्र म्हणतो स्पिरिटमध्ये बुडव, दुसरा म्हणतो उकळत्या पाण्यात टाक. कुणाचं ऐकू? (सांगलीहून एक वाचक)

कुणाचंच नको. दोन्ही मित्रांना चहा पाजा आणि पेनापासून लांब ठेवा. ५१ची बॉडी ल्युसाइटची असते, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, स्पिरिटने त्याला बारीक बारीक तडे जाऊ शकतात आणि उकळत्या पाण्याने ते वाकडं होऊ शकतं. साधं नळाचं पाणी पुरतं, फक्त धीर लागतो.

पण त्याच्याही आधी तुमच्याकडचं ५१ कोणतं ते बघा. हे पेन बाजारात आलं १९४१ मध्ये, आणि १९४८ पर्यंतच्या पेनांत शाई भरायची पद्धत वेगळी होती. पेनाच्या अगदी शेपटाला, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या अंतरावर, नखाला लागेल न लागेल असा एक बारीक सांधा आहे का बघा. असेल तर ते व्हॅक्युमॅटिक, शेपटाची ती छोटी टोपी उघडली की आत दाबायचा दांडा दिसेल. सांधा नसेल तर मागचं बॅरल सावकाश फिरवून काढा, आत धातूची नळी आणि तिच्या खाचेत दाबायची एक पट्टी दिसेल, हे एअरोमेट्रिक. आणि हे निघालं तर तुमचं नशीब जोरावर आहे असं समजा, कारण त्याच्या आतली पारदर्शक ट्यूब रबराची नसून पीव्हीसीची असते आणि ७० वर्षांनंतरसुद्धा बहुतेक वेळा मऊच सापडते.

एअरोमेट्रिक असेल तर ग्लासात गार किंवा किंचित कोमट पाणी घ्या, निबची बाजू बुडेल एवढंच, आणि रात्रभर उभं करून ठेवा. सकाळी बघाल तर निबच्या टोकातून निळ्या दोऱ्यासारख्या रेघा ग्लासाच्या तळाशी उतरलेल्या असतात. मग पाण्यात ठेवूनच पट्टी पाच-सहा वेळा दाबा, पाणी बदला, परत ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ येतं आणि माणूस खूश होतो, तिसऱ्या दिवशी परत निळं येतं. घाबरू नका, ५१मध्ये निबवरच्या त्या झाकणाखाली कलेक्टर नावाचा एक भाग असतो, त्याला अतिशय बारीक खाचांच्या चकत्याच चकत्या असतात, जास्तीची शाई धरून ठेवायला, आणि वाळलेली शाई तिथेच दडून बसते. कधी कधी आठवडा जातो. शेवटी निब टिश्यूत गुंडाळून पेन रिकाम्या ग्लासात निब खाली करून उभं करा, टिश्यू पाणी ओढून घेतो.

व्हॅक्युमॅटिक असेल तर आतला रबरी पडदा गेलेला असणार असंच धरून चाला. दांडा हलत नसेल तर जोर लावू नका, आणि पकड तर अजिबात नको. तो भाग काढायला खास पाना लागतो, काम येणाऱ्याकडेच द्या. निबवरचं झाकणही कोरडं फिरवून काढायला जाऊ नका, ते लाखेने बसवलेलं असतं, ऊब दिल्याशिवाय सुटत नाही, तुटतं मात्र लगेच.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एक सुंदर मार्बल रंगाचं लिव्हरवालं पेन मिळालं. लिव्हर जागचा हलत नाहीये. तेल सोडू का? (कोथरूडहून एक ताई)

नको हो ताई! तेल सोडलं तर पुढे बसणारी नवी रबरी ट्यूबसुद्धा खराब होईल. लिव्हर का हलत नाही ते आधी समजून घ्या. शेफर कंपनीने १९१२च्या सुमारास ही पद्धत बाजारात आणली आणि पुढची तीन-चार दशकं जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. आत एक लांबट रबरी ट्यूब, तिच्यावर धातूची पट्टी, लिव्हर उचलला की पट्टी ट्यूब दाबते, सोडला की ट्यूब फुगते आणि शाई ओढून घेते. ट्यूबचं रबर जुनं होऊन लाकडासारखं कडक झालं की लिव्हर दाबणार तरी काय? पेन कानाजवळ धरून हलवा, बहुतेक आतून खुळखुळ ऐकू येईल, ते ट्यूबचे तुकडे. यात काळजीचं काही नाही, ट्यूब ही बदलायचीच वस्तू असते, फक्त जोर करून लिव्हर तोडलात तर त्या मार्बलच्या बॅरलचं काही करता येत नाही.

निब बसवलेला पुढचा भाग ऊब देऊन काढतात. हेअर ड्रायर लांबून, पेन सतत फिरवत, हाताला सोसेल एवढीच ऊब. तुमचं पेन बहुधा सेल्युलॉइडचं आहे (अंगठ्याने थोडं घासून वास घ्या, कापरासारखा येतो का बघा, कारण सेल्युलॉइडमध्ये खरंच कापूर असतो) आणि सेल्युलॉइड पेट घेतं, त्यामुळे मेणबत्ती-लायटर हे प्रकार पूर्ण बंद. स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन पण नको, विरघळतं. पाण्यात बुडवून ठेवायचं की नाही हेही बॉडी कशाची आहे त्यावर असतं, कारण काही जुनी इंग्लिश पेनं केसीनची असतात, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, ती पाण्यात फुगून कामातून जातात.

नवी ट्यूब चिकटवायला चपडा लाख वापरायची, तीच, फ्रेंच पॉलिशवाले वापरतात ती. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात पुडीत मिळते. सुपरग्लूने चिकटवलेली पेनं माझ्याकडे येतात तेव्हा डोक्याला हात लावायची वेळ येते, कारण लाख ऊब दिली की सुटते, सुपरग्लू सुटत नाही, आणि पुढच्या वेळी ट्यूब बदलताना पेनच तुटतं. ही ट्यूब कधीतरी परत बदलायला लागणार आहे, तुम्हाला नाही तर तुमच्या मुलीला.

प्रश्न : ऑनलाइन 'व्हिंटेज, १४ कॅरेट, जर्मन' असं लिहिलेली पेनं दिसतात. खरी कशी ओळखायची?

पेनावर काय कोरलंय ते शेवटी वाचा. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' लिहिलेली स्टीलची निब असंख्य स्वस्त पेनांवर असते, त्यावरून पेन कुणी बनवलं, कुठे बनवलं, काहीच कळत नाही. सोन्याच्या निबवर '१४ के' किंवा '५८५' असतं, म्हणजे ५८.५ टक्के सोनं. नुसता पिवळा रंग म्हणजे मुलामा, आणि तो टोकापाशी घासून खालचा पांढरा धातू दिसतोच. 'वॉरंटेड १४ सीटी' एवढंच असेल आणि कंपनीचं नाव नसेल तर निब सोन्याची असेलही, पण ती बाहेरून कुणाकडून तरी घेतलेली, पुष्कळदा नंतर बदललेली.

हिरो ६१६चा घोळ तर आपल्याकडे फारच. हे चिनी पेन ५१ सारखंच दिसतं, आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत वापरलंय, आणि वाईट नाहीये ते अजिबात, पण त्याच्यावर पार्करचं नाव घालून विकलं की ती फसवणूक. एअरोमेट्रिक ५१ म्हणून कुणी देत असेल तर आतल्या धातूच्या नळीवर कंपनीचं नाव आणि शाई भरायच्या सूचना कोरलेल्या असतात, त्याचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला की आपण निघायचं.

माझं स्पष्ट मत, पैसे निबला द्यायचे, नावाला नाही. निबच्या टोकाचा अगदी जवळून फोटो मागा, समोरून आणि बाजूने. टोकावरचा कठीण धातूचा दाणा दोन्ही पाकळ्यांवर (म्हणजे निबच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंवर) शाबूत आहे का, सारखा आहे का, एवढंच बघा. दाणा गेलेली निब म्हणजे नवीन टिपिंग, म्हणजे नवा दाणा बसवणं, आणि त्याचा खर्च पेनापेक्षा जास्त होतो. ट्यूब, सील, वाळलेली शाई हे सगळं निस्तरता येतं. पहिलंच जुनं पेन घेणार असाल तर एस्टरब्रुक जे बघा, अमेरिकन, साधं, दणकट, आणि त्याची निब आख्खी फिरवून काढता येते, बिघडली तर दुसरी लावा, विषय संपला.

प्रश्न : राजमुंद्रीचं हाताने घडवलेलं एबोनाइटचं पेन घेतलं. लिहिताना मस्त आहे पण शाई संपत आली की अचानक कागदावर मोठा ठिपका पडतो. पेन खराब आहे का? (नाशिकहून)

पेन ठीक आहे, तुमचा हात गरम आहे. खरंच. हे ड्रॉपरने भरायचं पेन, म्हणजे आख्खं बॅरलच शाईची टाकी. शाई कमी झाली की उरलेल्या जागेत हवा, बोटांच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला निबमधून बाहेर ढकलते. टाकी भरलेली असते तेव्हा हवा थोडी म्हणून फुगणंही थोडं. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की भरून टाका, शेवटचा थेंब संपवायचा हट्ट नको. एबोनाइट उष्णता हळू पोचवतं त्यामुळे प्लॅस्टिकच्या पातळ पेनापेक्षा ते बरंच. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, व्हॅसलिन नको.

आणि एबोनाइट उन्हात ठेवू नका. ते म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, ऊन आणि ओल लागली की काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं. गरम पाण्याने धुतलं तर एका दिवसात होतं.

प्रश्न : पेन दुसऱ्याला लिहायला दिलं की निब बिघडते हे खरं का?

नाही. टोकावरचा दाणा इतका कठीण असतो की एका सहीने त्याला काही होत नाही. पण बॉलपेनची सवय असलेला माणूस दाबून लिहितो आणि पाकळ्या फाकतात, त्याहून वाईट म्हणजे लिहून झालं की टोपण न लावता टेबलावर गडगडत सोडतो. बँकेत कुणी मागितलं तर बॉलपेन द्या.

प्रश्न : मराठी लिहायला कोणती निब चांगली? इंग्रजीत छान चालणारी निब देवनागरीत गिचमिड करते.

बरोबर निरीक्षण आहे. आपल्याकडे क्ष, ज्ञ, द्ध, ह्म अशा जोडाक्षरांत इतक्या कमी जागेत इतकी वळणं येतात की मीडियम निब ती बुजवून टाकते. अक्षर लहान असेल तर जपानी फाइन घ्या, पायलट किंवा प्लॅटिनमची फाइन बहुतेक युरोपियन फाइनपेक्षा बारीक असते.

जाड-बारीक हवं असेल तर गंमत सुरू होते. स्टब निबने उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, म्हणजे काना भरदार आणि शिरोरेघ केसासारखी, काही जणांना आवडतं, मला ते अक्षर डोकं नसल्यासारखं वाटतं. आर्किटेक्ट निब नेमकं उलटं करते, शिरोरेघ ठळक, काने नाजूक, एकदा लिहून बघाच. पारंपरिक देवनागरीचा डौल येतो तो तिरक्या कापाच्या बोरूने, आणि तो तिरका काप रोमन अक्षरांच्या कापाच्या उलट्या बाजूचा असतो, म्हणून परदेशी कॅलिग्राफीची निब हातात धरली की अक्षर कुठेतरी चुकल्यासारखं दिसतं, दोष आपल्या हाताचा नसतो. जुन्या लवचिक निबच्या मागे लागू नका, त्या वरून खाली दाबायला बनवलेल्या, आपल्या शिरोरेघेत जोर दिला तर पाकळी कागदात अडकते. मोडी शिकत असाल तर कोणतीही ओली (म्हणजे भरपूर शाई सोडणारी), गुळगुळीत निब चालेल, तिथे शिरोरेघा आधीच आखून घेतात आणि हात शक्यतो उचलायचाच नाही.

कागदाकडेही बघा, स्वस्त वहीत शाई फुटते आणि आपण निबला शिव्या घालतो.

प्रश्न : जुन्या पेनात आपली कॅमलची शाई चालेल का?

फाऊंटन पेनाची रॉयल ब्लू खुशाल चालेल. कॅमलवाल्या दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासूनच तर सुरुवात केली होती. तशीच पेलिकन ४००१ रॉयल ब्लू, क्विंक, वॉटरमनची निळी. पण ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई चुकूनही नको, ती आत वाळली की पाण्याने निघतच नाही. जुन्या दुकानात पार्करची सुपरक्रोम नावाची सीलबंद बाटली मिळाली तर शोकेसमध्ये ठेवा, ५१ साठीच विकली जायची आणि पेनाचे आतले भाग तीच खायची.

प्रश्न : पुण्याहून न्यू जर्सीला वडिलांचं पेन घेऊन जायचंय. विमानात गळेल का?

अर्धवट भरलेलं असेल तर गळेल, वर हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. एक तर काठोकाठ भरा नाही तर पूर्ण रिकामं करून धुऊन न्या. जुनं पेन असेल तर मी रिकामंच सांगेन. निब वर करून केबिन बॅगेत ठेवा. शाईची बाटली सामानाच्या मोठ्या बॅगेत, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि आईने दिलेल्या साड्यांपासून शक्य तितकी लांब.