कंपनीतल्या लोकांना सायबर सिक्युरिटीची सवय कशी लावायची? ट्रेनिंग देऊनही फरक पडत नाही

तुम्ही लिहिलंय की साठेक माणसांची कंपनी आहे, वर्षातून एकदा ट्रेनिंग होतं, सगळे सही करतात आणि दुसऱ्या दिवसापासून परत पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आणि येईल त्या लिंकवर क्लिक. मी पिंपरी-चिंचवडकडे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी बघतो, त्यामुळे शॉप फ्लोअर, स्टोअर, अकाउंट्स असलेल्या ठिकाणचंच सांगतो.

माझं स्पष्ट मत, नुसत्या ट्रेनिंगने सवय लागत नाही. काही गडबड झाली की माणूस घाबरून गप्प बसतो का लगेच येऊन सांगतो, सगळं त्यावर आहे. स्टोअरमधल्या मुलाने चुकीची अटॅचमेंट उघडली आणि दोन मिनिटांत येऊन सांगितलं तर त्याची नेटवर्कची वायर काढता येते, पासवर्ड बदलता येतात, बऱ्याचदा तिथेच आटोपतं. पण आधी कोणाला तरी सगळ्यांसमोर झापलेलं त्याने बघितलं असेल तर तो मशीन बंद करून गुपचूप घरी जाणार आणि आपल्याला कळणार कधी, तर सोमवारी सकाळी टॅलीचा डेटा उघडत नाही तेव्हा. म्हणून आधी मालकांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या की स्वतःहून सांगेल त्याला मेमो नाही, पगार कापणं नाही. आणि ते खरंच पाळा, एकदा जरी मोडलं ना की पुढे कोणी तोंड उघडणार नाही.

दुसरं म्हणजे 'साहेबांचा मेसेज आहे, उलट कसं विचारायचं' ही आपल्या ऑफिसांमधली पद्धत. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला साधारण एक कोटीचा फटका बसला तो असाच, सीईओ अदर पूनावाला यांच्या नावाने फायनान्स डायरेक्टरना व्हॉट्सॲपवर मेसेज आला की या या खात्यांवर पैसे पाठवा, आणि पैसे गेले. २०२४ मध्ये अरूप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसचं तर त्याहून भयंकर, तिथल्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि समोर दिसणारे साहेब, सहकारी सगळे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे आणि आवाज, २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. म्हणजे आता आवाज आणि चेहरा ओळखीचा आहे यावरही विसंबून चालत नाही.

यावर उपाय साधा आहे. बँक खातं बदललं असं कोणी कळवलं किंवा अर्जंट पेमेंट सांगितलं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही. आमच्याकडे एकदा नेहमीच्या सप्लायरचा मेल आला, जुन्याच मेलच्या रिप्लायमध्ये, पीओ म्हणजे आपल्या खरेदी ऑर्डरचा नंबर बरोबर, इन्व्हॉइसची रक्कम बरोबर, फक्त 'ऑडिट चालू आहे म्हणून या खात्यात टाका' एवढंच नवीन. डोमेनच्या नावात, म्हणजे मेल आयडीत @ नंतर येतं त्यात, एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी, स्क्रीनवर बघाल तर फरक कळतच नाही. अकाउंट्सच्या मॅडमनाही तो दिसला नव्हता, त्यांनी फक्त नियम म्हणून व्हेंडर मास्टरमधल्या, म्हणजे आपल्याकडच्या सप्लायरच्या यादीतल्या, नंबरवर फोन लावला आणि तिकडून 'नाही हो, आमचं खातं तेच आहे' असं उत्तर आलं. त्यामुळे लोकांना डोळ्यात तेल घालून मेल वाचा असं सांगण्यापेक्षा हा एक फोन सक्तीचा करा. आणि पेमेंटचा मेसेज मालकांच्या नावाने आला तर तो फोन मालकांनाही गेला पाहिजे, त्यांनी वैतागून 'मीच सांगतोय ना' म्हटलं की नियम त्याच दिवशी संपला.

पासवर्डचं म्हणाल तर दर महिन्याला बदलायला लावत असाल तर बंद करा, चिठ्ठ्या त्यामुळेच चिकटतात. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेही २०१७ च्या गाइडलाइनमध्ये उगाच ठराविक दिवसांनी बदलायला लावू नका असंच म्हटलंय. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या आणि मेलला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावा.

ट्रेनिंग घ्यायचंच तर मराठीत घ्या, शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं, आणि सुरुवात त्यांच्या घरापासून करा. 'आज रात्री लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा' वाला मेसेज, लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी), हे दाखवलं की लोक स्वतःहून फोन काढून विचारायला लागतात. खोटे फिशिंग मेल, म्हणजे फसवून क्लिक करायला लावणारे मेल, पाठवून टेस्ट घेत असाल तर क्लिक करणाऱ्यांची नावं लावू नका, किती जणांनी येऊन कळवलं ते मोजा.

सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा ते नक्की ठरवून ठेवा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, त्यातले एटीएममधून काढलेले पैसे २८ देशांतून निघाले, आणि तो दिवस होता दुसरा शनिवार. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेत कळवा, खातं गोठवता आलं तर काही तरी परत मिळतं. शिवाय २०२२ पासून सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत रिपोर्ट करणं बंधनकारक आहे, तर सर्ट-इनचा ईमेल आयडी आणि हे नंबर आजच अकाउंट्सच्या टेबलावर आणि सिक्युरिटी गेटवर लावून टाका.