बेलग्रेडचं तिकीट नंतर काढा, आधी फिक्शनचं तिसरं पान उघडा

तुमची पोस्ट सकाळी ट्रेनमध्ये वाचली आणि पोटात गोळाच आला. न्यूरेंबर्गला राहता, भारतीय पासपोर्ट, ब्लू कार्ड (इथलं नोकरी-रहिवासाचं परमिट) जानेवारीत संपतंय, रिन्यूअलची टर्मिन (अपॉइंटमेंट) मिळत नाहीये, आणि विचारताय काय तर युरोलीगच्या (युरोपातल्या क्लबांची मोठी बास्केटबॉल लीग) या सीझनला बेलग्रेड, इस्तंबूल, अथेन्स असे तीन अवे सामने करायचेत, विमानाची तिकिटं आत्ता स्वस्त आहेत तर काढून टाकू का. खाली सगळ्यांनी "काढा काढा, तिथलं वातावरणच वेगळं" असं लिहिलंय. वातावरण वेगळं असतं यात वादच नाही, पण तुमच्या पोस्टमधलं "टर्मिन मिळत नाहीये" हे वाक्य कोणीच वाचलेलं दिसत नाही. मी वाचलं, कारण २०२२-२३ च्या सीझनला मी नेमका तुमच्याच जागी होतो आणि फिक्शन नावाच्या एका तात्पुरत्या परमिटच्या कागदाने मला अडकवलं.

आधीच सांगतो, मी वकील नाही, आयटीवाला आहे, नियम बदलत राहतात, शिवाय प्रत्येक गावचं आउसलेंडर ऑफिस (परदेशी लोकांची परमिटं देणारं) स्वतःला वेगळं संस्थान समजतं. त्यामुळे मी म्हणतो म्हणून काही करू नका, स्वतः खात्री करा. लीग कशी चालते, सामन्यांची तिकिटं कुठे मिळतात वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

मला हा नाद लावला ऑफिसातल्या एका सर्ब मित्राने. त्याने मला म्युनिकची बायर्न विरुद्ध बेलग्रेडची पार्टिझान हा सामना बघायला म्युनिकच्या हॉलमध्ये नेलं. मी आपला शाळेत खो-खो आणि गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस, बास्केटबॉल म्हणजे उंच पोरांचा खेळ एवढंच ज्ञान. तिथे गेलो तर हॉल बायर्नचा आणि आवाज सगळा सर्बांचा, म्युनिकमध्ये त्यांची वस्ती मोठी आहे. आणि साइडलाइनला तो झेल्को ओब्रादोविच, नऊ वेळा युरोलीग जिंकलेला, पार्टिझानचा तेव्हाचा कोच, टाइमआउटला ओरडायला लागला की चेहरा बीटासारखा लाल. मी त्या दिवशी गेलो तो गेलोच. केविन पंटर, दांते एक्सम, माथियास लेसॉर ही पार्टिझानच्या खेळाडूंची नावं मला सचिन-द्रविडसारखी पाठ झाली. बायको म्हणायची की घरातल्या लोकांचे वाढदिवस लक्षात राहत नाहीत आणि लेसॉरचे रिबाउंड बरे लक्षात राहतात.

तेव्हा १८ टीम होत्या, प्रत्येकीचे ३४ सामने (आता २० आणि ३८ झालेत, दुबईसुद्धा आली), आणि पार्टिझान त्याशिवाय एबीए लीग पण खेळते, म्हणजे सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, माँटेनेग्रो हे सगळं फिरणं वेगळं. गुरुवारी एका देशात, रविवारी दुसऱ्या. टीव्हीवर बघताना असं वाटायला लागतं की ही एकच मोठी गल्ली आहे, या घरातून त्या घरात. टीमचं ठीक आहे हो, त्यांचे कागद सांभाळायला माणसं असतात. आपले कागद आपणच सांभाळायचे आणि ते मी सांभाळले नाहीत.

झालं असं की माझं कार्ड मार्च २०२३ ला संपत होतं. मी रिन्यूअलचा अर्ज जानेवारीतच टाकला होता, म्हणजे मुदतीत, हे महत्त्वाचं आहे. टर्मिन अर्थातच नाही. शेवटी एप्रिलच्या सुरुवातीला ऑफिसने पोस्टाने फिक्शन पाठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग, कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता घडीचा कागद, आपण सगळे त्याला फिक्शनच म्हणतो आणि नाव अगदी सार्थ आहे. मी पाकीट फोडलं, माझं नाव बरोबर, फोटो बरोबर, तारीख ऑगस्टपर्यंतची, झालं, पासपोर्टच्या पाऊचमध्ये कोंबलं. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. चार वर्षं जर्मनीत राहून, जर्मन भाषेची बी-वनची परीक्षा पास होऊन, तो कागद मी वाचला नाही. सगळ्यात महागात पडलेली चूक ती हीच, बाकी सगळी रडगाणी तिच्या पोटातली.

त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीत फुली असेल तर ते जर्मन रहिवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४, म्हणजे तुमचं जुनं परमिट होतं तसंच चालू आहे असं धरलं जातं, आणि जुनं कार्ड सोबत ठेवून तुम्ही जर्मनीबाहेर जाऊन परत येऊ शकता. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत फुली असेल तर ते पोटकलम ३, त्यावर जर्मनीत राहता येतं पण एकदा बाहेर पडलात की त्या कागदावर परत येता येत नाही. वेळेत अर्ज करणाऱ्या माझ्यासारख्याला तिसरीच चौकट मिळायला हवी होती. क्लार्कने पहिलीत फुली मारली होती. का, ते आजतागायत कळलेलं नाही.

आणि मला याचा पत्ता नाही. इकडे सीझन असा रंगला की विचारू नका. रेआल माद्रिद तिसरे, पार्टिझान सहावे, म्हणून प्लेऑफमध्ये समोरासमोर. पाच सामन्यांची मालिका, पहिले दोन माद्रिदला, आणि दोन्ही पार्टिझानने जिंकले! दुसऱ्याच्या शेवटी ती मारामारी, रेआलच्या याबुसेलेने एक्समला उचलून आपटला ती, व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. याबुसेले पाच सामने बाहेर, पंटर दोन, लेसॉर एक. तिसरा सामना २ मे ला बेलग्रेडमध्ये. त्या हॉलमध्ये त्या वर्षी दर सामन्याला २० हजारांच्या आसपास माणूस येत होता. अजून एक सामना जिंकला की फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये. मित्राच्या चुलतभावाने त्या हॉलची, म्हणजे स्टार्क अरेनाची, दोन तिकिटं मिळवली, मी रात्री दीड वाजता विमानाचं तिकीट काढलं, भाव असा की भारतात जाऊन येणं जमलं असतं. १ मे ची सुट्टी होतीच, पुढचे दोन दिवस रजा टाकली. मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात माझ्याकडे खुर्च्या लावायचं काम होतं, तेही दुसऱ्याच्या गळ्यात मारलं.

म्युनिक एअरपोर्ट. सर्बिया शेंगेनमध्ये (आपापसात सहसा पासपोर्ट न तपासणारे युरोपातले देश) नाही म्हणून गेटच्या आधी पासपोर्ट कंट्रोल. मित्र दोन मिनिटांत पलीकडे गेला आणि मला हात करतोय. माझ्या काउंटरवरच्या पोलिसाने पासपोर्ट बघितला, संपलेलं कार्ड बघितलं, फिक्शन उघडलं, तिसऱ्या पानावर थांबला. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, "जायचं असेल तर जा, पण परत येता येणार नाही." मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने कागद माझ्याकडे फिरवला आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. मग तोच समजावून सांगत बसला, मागे रांग वाढत होती, माणूस चांगला होता हो, त्याच्याविषयी तक्रार नाही. पलीकडे उभ्या मित्राला मी नुसती मान हलवली.

खरा संताप त्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात गेलो (नाव घेत नाही, माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून त्याच इमारतीत कुठेतरी पडलाय). दारावरचा सिक्युरिटीवाला म्हणाला टर्मिन आहे का. नाही. मग इमेल करा. इमेल केला, ऑटो रिप्लाय. परत केला, परत तोच. आठवड्याने उत्तर आलं की दुरुस्तीची विनंती नोंदवली आहे, प्रवासासाठी तातडीचं कारण असल्यास पुरावा जोडा. मी येड्यासारखा सामन्याचं तिकीट जोडलं. उत्तर, हे तातडीचं कारण नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, पण चूक त्यांची आणि पुरावा मी द्यायचा, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. एक फुली चुकीच्या जागेवरून बरोबर जागी यायला सहा आठवडे लागले. नवीन कागद आला तेव्हा सीझन संपलेला होता.

तिसरा सामना मी सोफ्यावर बसून फोनवर बघितला. पंटर नाही, लेसॉर नाही, रेआल जिंकले. दुसऱ्या दिवशी, ३ मे ला, बेलग्रेडमधल्या शाळेत तो गोळीबार झाला. मित्र तिथेच होता. त्याने फोन केला तेव्हा बास्केटबॉलविषयी एक शब्द बोलला नाही, मीही काढला नाही, आणि माझ्या तिकिटाच्या पैशाचं रडणं मी बरेच दिवस कोणापुढेच काढलं नाही. रेआलने पुढचे दोन्ही सामने जिंकून मालिका ३-२ घेतली, ०-२ वरून युरोलीगमध्ये तोपर्यंत कोणालाच जमलं नव्हतं.

अजून एक शहाणपणा सांगायचा राहिला. मी फायनल फोरचं तिकीट सीझनच्या सुरुवातीलाच काढून ठेवलं होतं, कौनासचं, तुमच्यासारखंच "आत्ता स्वस्त आहे" म्हणून. लिथुएनिया शेंगेनमध्येच आहे, वाटेत सहसा पासपोर्ट कोणी बघत नाही, मित्र म्हणाले जा बिनधास्त. नाही गेलो. एकदा त्या काउंटरवर उभं राहिलं की माणसाची हिंमत जाते, आणि "कोण बघतंय" या भरवशावर नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नये असं माझं ठाम मत आहे, कोणाला भित्रेपणा वाटला तर वाटू दे. तिकीट तोट्यात विकलं. ती फायनल म्हणजे रेआल ७९, ऑलिम्पियाकोस ७८, रेआलच्या युलने तीन सेकंद उरलेली असताना मारलेला शॉट. ज्याला तिकीट विकलं त्याने फोटो पाठवला. ब्लॉकच करणार होतो.

आता तुमच्यापुरतं. तुम्ही अर्ज टाकला आहे का हे पोस्टमध्ये नाही. नसेल तर आज टाका, टर्मिनची वाट बघू नका, अर्जाची तारीख कार्ड संपायच्या आधीची हवी आणि पोचपावती जपून ठेवा. अर्ज उशिरा गेला तर ती तिसरी चौकट विसरा. फिक्शन हातात आलं की त्याच दिवशी, चहा पिण्याआधी, तिसरं पान. चुकीचं असेल तर त्याच दिवशी इमेल, अर्जाच्या तारखेच्या पुराव्यासकट.

बेलग्रेडबद्दल एक खास. पूर्वी भारतीयांना सर्बियाला व्हिसाच लागत नव्हता, ते १ जानेवारी २०२३ पासून बंद झालं, पण वैध शेंगेन व्हिसा किंवा परमिट असेल तर जाता येतं. जुने ब्लॉग वाचून लोक अजून फसतात. आणि फिक्शनला ते "वैध परमिट" मानतील का हे काउंटरवरच्या माणसावर सोडू नका, आधी सर्बियाच्या दूतावासाकडून लेखी घ्या. इस्तंबूलचंही तसंच, तुर्कीचा ई-व्हिसा आपल्याला मिळतो तो शेंगेन किंवा तशा वैध व्हिसा-परमिटच्या जोरावर, फिक्शनवर त्या भानगडीत मी तरी पडणार नाही. अथेन्सचं त्यातल्या त्यात सोपं, तिसऱ्या चौकटीचं फिक्शन आणि जुनं कार्ड दोन्ही बरोबर ठेवा.

आईबाबांना घेऊन जाणार असाल (एकाने खाली विचारलंय) तर त्यांचा व्हिसा सिंगल एंट्री आहे का बघा. म्युनिकहून बेलग्रेडला गेले की एंट्री संपली, मग परत कसे आणणार? आमच्या ओळखीच्यात हे झालंय, काकू बेलग्रेडहूनच थेट भारतात गेल्या आणि त्यांची बॅग महिनाभर इकडे राहिली, आत लोणचं होतं.

आणि कागदाची कटकट कमी हवी असेल तर मोनॅको करा, त्यांचीही टीम युरोलीगमध्ये आहे. फ्रान्समध्ये नीसला उतरायचं, लोकल ट्रेन पकडायची. हॉल फुटबॉल स्टेडियमच्या पोटात आहे, छोटासा, खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. त्यावर कोणी रील बनवत नाही म्हणून कोणाला माहीत नाही.

मी स्वतः पुढच्या सीझनला नवीन कार्डावर बेलग्रेडला जाऊन आलो. हॉल तसाच, आवाज तसाच, पण एक्सम अमेरिकेत डॅलसला गेलेला, लेसॉर अथेन्सच्या पनाथिनाइकोसला, टीम पहिल्या दहातसुद्धा आली नाही. मग मे २०२४ ची फायनल फोर बर्लिनला होती, ना बॉर्डर ना चौकट, डॉइचे बानने गेलो आणि ट्रेन लेट झाली एवढंच. रेआलने पहिल्या क्वार्टरमध्येच ३६ मारले, शेवटी पनाथिनाइकोस ९५-८०. लेसॉर हिरव्या जर्सीत कप उचलत होता आणि माझ्या अंगावर पार्टिझानचा काळा-पांढरा मफलर. शेजारच्या ग्रीक आजोबांनी तो बघून मला मिठी मारली, का ते त्यांनाच ठाऊक.

तर कार्ड जानेवारीत नक्की किती तारखेला संपतंय ते लिहा. त्याच्या आधी बेलग्रेडला सामना असेल तर तोच करा, तीन तिकिटं एकदम काढू नका. आणि जाताना बायर्नची लाल जर्सी घरी ठेवा, लाल रंग तिथे झ्वेझ्दाचा, म्हणजे बेलग्रेडमधल्या पार्टिझानच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा आहे, पार्टिझानच्या स्टँडमध्ये तो घालून बसलात तर फिक्शनची तिसरी चौकटसुद्धा कामाला येणार नाही.