तरंगत्या धक्क्याचे शुल्क आणि मागील थकबाकीची नोटीस

प्रश्न : केंद्राच्या अखत्यारीतील एका बंदर प्राधिकरणाच्या पाण्यात माझा तरंगता धक्का असून तेथे सहा खासगी नौका लागतात. 2017 मध्ये केलेला पाच वर्षांचा करार 2022 मध्ये संपला, तरी दरमहा जुन्या दराने शुल्क घेऊन पावती दिली जाते. आता एप्रिल 2019 पासूनच्या वाढीव दराने 11 लाख 40 हजारांचा फरक पंधरा दिवसांत भरा, अन्यथा जागा रिकामी करा, अशी नोटीस आली आहे. भाडे नियंत्रण कायद्याचा आधार मिळेल का?

उत्तर : तो आधार मिळणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 3 नुसार सरकार व स्थानिक प्राधिकरण यांच्या मालकीच्या जागा त्या कायद्यातून वगळलेल्या आहेत, आणि बंदर प्राधिकरणाची जागा त्यातच मोडते. मात्र सार्वजनिक मालमत्तेचा मालक खासगी घरमालकासारखा मनाला येईल तसा वागू शकत नाही; राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 ची मर्यादा त्याच्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई बंदराच्याच प्रकरणांत, 1989 मध्ये द्वारकादास मर्फतिया आणि 2004 मध्ये जमशेद वाडिया या निकालांत, सांगितले आहे. शुल्क वाढवण्याचा प्राधिकरणाचा अधिकार या निकालांनी काढून घेतलेला नाही, म्हणून केवळ 'दर फार आहे' या तक्रारीवर विसंबू नका.

नोटिशीची कमकुवत बाजू ती ज्या तारखेपासून फरक मागते त्या तारखेत आहे. महाबंदर प्राधिकरण कायदा, 2021 हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून लागू झाला आणि त्यानुसार ठरवलेले दर पूर्वलक्षी प्रभावाने लावता येत नाहीत. त्याआधीचे दर महाबंदर प्रशुल्क प्राधिकरण मंजूर करून राजपत्रात प्रसिद्ध करीत असे. तेव्हा 2019 चा वाढीव दर कोणत्या अधिसूचनेने आला, तिची प्रत लेखी मागा. त्याचबरोबर स्वतःच्या कराराचे दरवाढीचे कलम नीट वाचा, कारण सुधारित दर मागील तारखेपासून देण्याचे आपण स्वतःच मान्य केले असेल, तर हा मुद्दा बराच पातळ होतो. थकीत भाड्यासाठी मुदत कायद्याची मर्यादा तीन वर्षांची असून, मुदतबाह्य भाडे इस्टेट ऑफिसरमार्फतही (सार्वजनिक जागा रिकामी करण्याचा व थकबाकी वसुलीचा आदेश देणारा अधिकारी) वसूल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने काळूराम प्रकरणात 1976 मध्ये म्हटले आहे. मागणीचा जुना भाग यावर अडवता येईल.

आपली अडचण 2022 नंतरच्या काळाची आहे. करार 'लीव्ह अँड लायसन्स' स्वरूपाचा, म्हणजे भाडेपट्टा नव्हे तर केवळ वापराचा परवाना असेल, तर मुदत संपल्यावर नुसत्या पावत्यांनी नवा हक्क निर्माण होत नाही, आणि प्राधिकरण त्या काळासाठी शुल्काऐवजी अनधिकृत वापराची नुकसानभरपाई मागेल. कायमस्वरूपी बांधकाम केले असल्यास परवाना रद्द करता येत नाही, असे सुखाधिकार कायद्याचे (ईझमेंट्स ॲक्ट) कलम 60 सांगते. पण साखळ्या सोडल्या की ओढून नेता येणारा आपला धक्का त्या व्याख्येत बसवणे अवघड आहे. ज्यांनी खांब ठोकून पक्की जेटी बांधली, त्यांचे म्हणणे अधिक भक्कम ठरते. आपल्याला फार तर कलम 63 नुसार सामान हलवण्यास वाजवी मुदत मागता येईल.

म्हणून पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या, त्यात वरील आक्षेप घ्या, नूतनीकरणाचा अर्ज जोडा आणि चालू शुल्क आक्षेप नोंदवूनच भरत राहा. दिवाणी दाव्याची घाई करू नका. सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादारांचे निष्कासन) कायदा, 1971 चे कलम 15 अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाचा अधिकार वगळते, त्यामुळे तो बहुधा दारातच अडेल. इस्टेट ऑफिसरचा आदेश विरोधात गेला, तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलासाठी अवघे बारा दिवस मिळतात, तेव्हा करार, पावत्या आणि नोटिशीचा लखोटा आताच एका फायलीत लावून ठेवा.