आधी औषधांची पिशवी उलटी करायला सांग

प्रिय डॉक्टर,

एमडी झाल्या झाल्या नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून एक सकाळ बसायचं ठरवलंयस, वाचून बरं वाटलं. फक्त तिथे दुसरी ओपीडी थाटू नकोस. सर्दी-खोकला, साखर बघायला त्यांचे फॅमिली डॉक्टर आहेत आणि ते सगळ्या घराला ओळखतात. तुझं काम वेगळं. हृदयवाल्याने, हाडवाल्याने, किडनीवाल्याने आपापल्या कागदावर लिहिलेलं एकत्र वाचायला कुणीच बसत नाही, ते तू करायचं.

म्हणून आधी पिशवी टेबलावर उलटी करायला सांग. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असलेलं सापडेल. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजतात, सुजेवर पाणी काढायची गोळी येते, मग रात्रभर लघवीला उठणं, ते आवरायला आणखी एक गोळी. तिने आजोबा भ्रमिष्टासारखे वागू लागतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. झोपेची गोळी तर कित्येकदा शेजारणीच्या सल्ल्याने सुरू झालेली असते. चूर्णं, काढे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावंच लागतं.

बीपी बसवून घेशीलच. पण पाच मिनिटं आडवं ठेवूनही घे आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत परत घे. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर चक्करेचं कारण बहुधा हातात आलं. चक्कर मानेमुळे समजून लावायचा मानेचा पट्टा नंतर बघू.

काही बंद करावंसं वाटलं तर परस्पर खोडू नकोस. फॅमिली डॉक्टरांना फोन कर. जुनी झोपेची गोळी तर एका दिवसात तोडायचीच नाही, हळूहळू उतरवायची. ठरलं की घरच्यांना मराठीत चार ओळी लिहून दे: काय थांबलं, का, पुन्हा कधी दाखवायचं. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डाबद्दलही सांग, आणि ते अ‍ॅडमिट होण्यासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही, हेही.

आणि एक. संघात येतात ते त्यातल्या त्यात धडधाकट. जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणारे खाली उतरतच नाहीत. यायचं कोण बंद झालंय, हे सेक्रेटरींना विचार आणि पहिल्या घरभेटी तिकडे कर. चारनंतर जा, दुपारी गेलीस तर सगळं घर झोपलेलं असतं.

तुझा,
सर