वाचकांचे प्रश्न : चाल तीच, पण शेवट कोणी लिहायचा?

प्रश्न : माझा मुलगा भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, तो ज्यांना 'आरपीजी' म्हणतो ते, आवडीने खेळतो आणि त्यांचे संगीत दिवसभर ऐकतो. एकाच गेमच्या नावाचे तीन अल्बम त्याच्याकडे आहेत. एकावर 'ओरिजिनल साउंडट्रॅक', दुसऱ्यावर 'अरेंज' आणि तिसऱ्यावर 'व्होकल' असे लिहिलेले आहे. मला तर तिन्हींत त्याच त्या चाली ऐकू येतात. मग हे तीन वेगळे अल्बम कशासाठी?

उत्तर : आपल्या कानाने बरोबर टिपले आहे, चाली त्याच आहेत. ओरिजिनल साउंडट्रॅक म्हणजे गेम सुरू असताना यंत्रातून प्रत्यक्ष जे वाजते ते, जसेच्या तसे. अरेंज अल्बमात तीच चाल दुसऱ्या वाद्यांसाठी, बहुधा दुसऱ्याच संगीतकाराकडून, नव्याने बांधून घेतलेली असते, आणि व्होकल अल्बमात तिच्यावर शब्द चढवून ती गाऊन घेतलेली असते.

ही पद्धत जपानमध्ये रुजली, आणि का रुजली हे समजायला त्या काळचे यंत्र पाहावे लागते. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' हा गेम ज्या फॅमिकॉम यंत्रावर आला, त्यात आवाजाचे पाचच मार्ग होते. दोन पल्स, म्हणजे चौकोनी आकाराच्या, लहरीचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक अगदी छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. म्हणजे सुरांचे काम तीनच मार्गांवर. तलवारीचा किंवा दार उघडल्याचा आवाज काढायचा झाला, तर त्याच मार्गांतला एखादा क्षणभर संगीताकडून काढून घेतला जाई. या गेमचे संगीतकार कोइची सुगियामा यांनी एवढ्या अडचणीच्या जागेत राजवाड्याची चाल बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताच्या, वळणाची लिहिली. दोन स्वरपंक्ती एकमेकींच्या मागेपुढे चालतात आणि ऐकणाऱ्याला तिसरीची उणीव भासत नाही. त्यांच्या मनात मात्र पहिल्यापासून वाद्यवृंद होता, म्हणून त्याच वर्षी या संगीताचा सिंफनिक सूट, म्हणजे वाद्यवृंदासाठी बांधलेली रचनांची मालिका, निघाला आणि १९८७ साली टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये त्याची मैफल झाली. अरेंज अल्बम हा गेमला नंतर जोडलेला दागिना आहे असे अनेकांना वाटते, पण या बाबतीत उलटे म्हणणे अधिक खरे ठरेल : संगीतकाराच्या कानात वाद्यवृंद आधी होता आणि यंत्रातला आवाज ही त्याची संक्षिप्त प्रत होती.

तरीही वाद्ये वाढली हा खरा फरक नव्हे. गेममधली चाल फिरत राहते. खेळणारा एखाद्या गावात दोन मिनिटे थांबेल की दोन तास, हे संगीतकाराला ठाऊक नसते, म्हणून चालीचे शेवटचे टोक पुन्हा पहिल्या टोकाशी असे सांधायचे की सांधा जाणवू नये. ओरिजिनल साउंडट्रॅकवर ही फेरी बहुधा दोनदा वाजवतात आणि मग आवाज हळूहळू विरू देतात. आपण मुलाकडून मूळ ट्रॅक मागून घ्या आणि शेवटची वीस सेकंदे आवाज मोठा करून ऐका. चाल संपत नाही, ती तशीच पुढे चाललेली असते आणि आपणच तिच्यापासून दूर जात असतो. त्यानंतर त्याच चालीची वाद्यवृंदाची आवृत्ती ऐका. तिथे कोणीतरी बसून शेवट लिहिलेला आहे. सुरुवातीला आधी नसलेली प्रस्तावना आहे, मध्ये श्वास घ्यायला जागा आहे, एखाद्या ठिकाणी पूर्ण शांतता आहे. फिरणाऱ्या चालीला यातल्या कशाचीच गरज नव्हती. अरेंजरचे खरे काम तिथे असते, आणि अल्बम चांगला की सामान्य हे मी तरी तिथेच पाहतो.

प्रश्न : 'क्रोनो ट्रिगर'च्या संगीतावर माझा लहानपणापासून जीव आहे. त्याचा 'द ब्रिंक ऑफ टाइम' हा अरेंज अल्बम मोठ्या हौसेने ऐकायला घेतला, तर त्यात चक्क जॅझ निघाला. काही चाली तर ओळखूसुद्धा आल्या नाहीत. असे करण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

उत्तर : आपली नाराजी मी समजू शकतो. ज्या चालीने आपल्याला शेकडो तास सोबत केली, ती अनोळखी वेशात समोर आली की परकेपणा वाटतोच. १९९५ चा हा अल्बम गिडो या जोडीने अॅसिड जॅझच्या, म्हणजे नाचाच्या ठेक्यावरच्या जॅझच्या, अंगाने बांधला आहे, आणि मूळ चाल जपून ठेवणे हा त्याचा हेतूच नाही. चालीचा एखादा तुकडा उचलायचा, त्याखाली नवा ठेका आणि नवे स्वरमेळ घालायचे आणि वादकांना मोकळे सोडायचे, अशी त्याची रीत आहे. माझ्या मते त्यातल्या काही रचना जमल्या आहेत आणि काहींत चाल केवळ निमित्तापुरती उरली आहे, पण त्यांनी हात घातला हे चुकीचे झाले, असे मी म्हणणार नाही.

या काळात, म्हणजे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, जपानी कंपन्यांनी अरेंज अल्बमच्या बाबतीत जे धाडस दाखवले ते आजही थक्क करते. नोबुओ उएमात्सु यांनी 'फायनल फँटसी ४'साठी केलेल्या चाली १९९१ साली आयरिश फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) मॉइरा ब्रेनक यांच्या हाती दिल्या गेल्या आणि त्यातून 'सेल्टिक मून' हा अल्बम तयार झाला. फिडल, बासरी आणि हार्प यांच्या तोंडी त्या चाली इतक्या सहज बसल्या आहेत की मूळ गेम न खेळलेल्या माणसाला त्या आयर्लंडमधल्याच वाटाव्यात. हिरोकी किकुता यांनी तर 'सीक्रेट ऑफ माना'च्या आपल्याच चालींचा १९९३ साली जो अल्बम केला, त्यात सुमारे ४९ मिनिटांचा एकच सलग ट्रॅक आहे. हवी ती चाल निवडून ऐकण्याची सोयच त्यांनी ठेवली नाही.

आपल्याला मूळ चालीशी इमान राखणारी आवृत्ती हवी असेल, तर संगीतकाराने स्वतः बांधलेल्या अल्बमकडे वळा. 'क्रोनो ट्रिगर'च्या बहुतेक चाली ज्यांच्या आहेत त्या यासुनोरी मित्सुदा यांनी 'झेनोगिअर्स'साठी १९९८ साली 'क्रीड' हा अल्बम स्वतःच केला. त्यातही बदल पुष्कळ आहेत, पण कोणती ओळ म्हणजे त्या चालीचा प्राण आहे हे बांधणाऱ्याला पक्के माहीत आहे, आणि ती ओळ कुठेही हरवत नाही.

प्रश्न : मी गायन शिकते. ज्या चाली शब्दांवाचून इतक्या बोलक्या आहेत, त्यांच्यावर शब्द चढवणे मला खटकते. व्होकल अल्बम ही केवळ विक्रीची युक्ती आहे, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : काही अल्बम तसे आहेतच, हे मान्य करायला हवे. वाद्यासाठी लिहिलेल्या चालीत उड्या मोठ्या असतात आणि श्वासाचा विचार नसतो. त्यावर अक्षरे मोजून शब्द बसवले की गाणाऱ्याची ओढाताण ऐकू येते, आणि आपण गाणाऱ्या असल्यामुळे आपल्याला ती इतरांपेक्षा लवकर जाणवत असणार. 'फायनल फँटसी'च्या चालींवर १९९४ आणि १९९५ साली दोन व्होकल अल्बम निघाले. त्यांत रिसा ओकी यांच्या मऊ आवाजाने पुष्कळ सांभाळून घेतले आहे, तरीही काही गाण्यांत चाल पुढे आणि शब्द मागे अशी अवस्था होते.

परंतु दोन उदाहरणे अशी आहेत की ती ऐकल्यावर आपण आपले मत निदान थोडे सैल कराल, अशी मला आशा आहे.

पहिले १९८९ च्या 'मदर' या गेमचे. त्याची कथाच एका हरवलेल्या गाण्याभोवती फिरते. खेळणाऱ्या मुलाला गाण्याचे आठ तुकडे गोळा करायचे असतात. एक तुकडा बाहुलीकडून मिळतो, एक कॅनरी पक्ष्याकडून, एक निवडुंगाकडून, एक जुन्या पियानोतून. प्रत्येक तुकडा म्हणजे थोडेसेच सूर, आणि यंत्रातून ते शब्दांवाचून वाजतात. शेवटच्या लढाईत शस्त्र चालत नाही. समोरच्या शत्रूला लहानपणी ऐकलेले अंगाईगीत आठवावे म्हणून हे आठ तुकडे जोडून पुन्हा पुन्हा गावे लागतात. पडद्यावर 'गा' अशी आज्ञा निवडायची, आणि शत्रू मध्येच गाणे तोडत असतानाही तीच आज्ञा पुन्हा निवडायची. केइची सुझुकी आणि हिरोकाझु तानाका यांनी संगीत दिलेल्या या गेमचा व्होकल अल्बम त्याच वर्षी निघाला. त्यात हे आठ तुकड्यांचे गाणे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदाने गायले असून त्याची बांधणी ब्रिटिश संगीतकार मायकेल नायमन यांची आहे. गेममध्ये जे गाणे आहे असे आपण केवळ मानून चालतो, ते इथे खरोखर कंठातून येते. या चालीवर शब्द चढवले असे म्हणणेच मला पटत नाही, कारण ती पहिल्यापासून गाणेच होती आणि यंत्राला ते गाता येत नव्हते.

दुसरे उदाहरण 'फायनल फँटसी ६' मधल्या ऑपेराचे. १९९४ च्या या गेममध्ये सेलीस नावाची माजी सेनानी एका गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते. खेळणाऱ्याने तिची संहिता आधी वाचून ठेवायची आणि ऐन प्रयोगात पुढची ओळ बरोबर निवडायची. ओळ चुकली की प्रयोग फसतो. गाण्याचे शब्द पडद्यावर उमटतात, पण ऐकू येतो तो मानवी आवाजाची नक्कल करणारा एक सूर, ज्यात एकही अक्षर नाही. हा गेम ज्या सुपर फॅमिकॉम यंत्रावर आला, त्याच्या ध्वनिविभागाला केवळ ६४ किलोबाइट स्मृती होती आणि त्यात आठ मार्गांवरची सगळी वाद्ये बसवायची होती, तेव्हा शब्द येणार तरी कुठून? उएमात्सु यांनी ही अडचण लपवली नाही. त्यांनी चाल इतकी सरळ आणि लांब श्वासाची ठेवली की ऐकणारा पडद्यावरचे शब्द वाचत मनातल्या मनात ते गाऊ लागतो. त्याच वर्षीच्या 'ग्रँड फिनाले' या अल्बमात मिलान शहरातल्या वादकांच्या साथीने स्वेत्ला क्रास्तेवा यांनी ही एरिया, म्हणजे ऑपेरातले एकल गीत, इटालियन भाषेत गायली आहे. आपण ती एकदा ऐकाच, विशेषतः गायिका श्वास कुठे घेते ते पाहत ऐका. यंत्राच्या सुराला श्वास लागत नव्हता, तरी तो घेण्याच्या जागा मूळ चालीतच ठेवलेल्या होत्या. मला हे आजही फार मोठे वाटते.

प्रश्न : 'निअर'मधील गाण्यांची भाषा कोणती? पुष्कळ शोधूनही अर्थ सापडला नाही.

उत्तर : अर्थ सापडणार नाही, कारण ती भाषा रचलेली आहे. २०१० च्या या गेमसाठी केइची ओकाबे यांच्या चालींवर गायिका एमी इव्हान्स यांनी स्वतःच बोल तयार केले. फार दूरच्या भविष्यात एखादी भाषा झिजून-बदलून कशी ऐकू येईल अशी कल्पना करून एका गाण्याला फ्रेंचची, दुसऱ्याला गेलिकची (आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी भाषा) अशी छटा त्यांनी दिली. म्हणून ते बोल परके वाटूनही ओळखीचे वाटत राहतात. वर गायन शिकणाऱ्या वाचक भगिनींनी जी शंका काढली तिलाही हे एक उत्तर आहे, कारण इथे कंठ आहे पण चालीवर अर्थाचे ओझे नाही. पुढच्या 'निअर : ऑटोमाटा'मध्ये, २०१७ साली, संगीताचे थर वेगवेगळे ठेवले गेले. प्रसंगानुसार आवाज त्यात मिसळतो किंवा मागे सरतो, आणि खेळाच्या एका भागात तीच चाल अचानक जुन्या यंत्रासारख्या चौकोनी सुरांत वाजू लागते. म्हणजे अरेंज अल्बमचे काम गेमच्या आतच होऊ लागले.

प्रश्न : मी तीन वर्षे पियानो शिकत आहे. 'पियानो कलेक्शन्स' या नावाचे अल्बम आणि त्यांच्या स्वरलिपीची पुस्तके मिळतात असे कळले. माझ्यासारख्याला ती झेपतील का?

उत्तर : काही झेपतील, काहींसाठी थांबावे लागेल. ही मालिका 'फायनल फँटसी ४'पासून, १९९२ साली सुरू झाली. आपणही तिथूनच सुरुवात करावी, असे मी सुचवेन. सुरुवातीच्या अल्बमांत चाल बहुतेक वेळा उजव्या हातात स्पष्ट असते आणि डावा हात सुटे सुटे स्वर वाजवत साथ करतो. 'फायनल फँटसी १०'चा २००२ सालचा अल्बम मात्र मासाशी हामाउझु यांनी बांधला आणि आकी कुरोदा यांनी वाजवला आहे. त्यात चाल दोन्ही हातांत विभागलेली, मधल्या बोटांत लपलेली आणि जाड स्वरमेळांनी वेढलेली आहे. तीन वर्षांच्या सरावावर तो अल्बम ऐकावा, वाजवायची घाई करू नये.

एक गोष्ट करून पाहा. पुस्तक हाती आल्यावर पहिल्या ओळीपासून सुरुवात न करता आधी शेवटच्या दोन ओळी वाजवा. तोपर्यंतचे बरेचसे गेममध्ये होते आणि ते आपल्या कानाला पाठ आहे. या दोन ओळी मात्र यंत्रातून कधीच वाजलेल्या नाहीत, त्यामुळे तिथे बोटांना आठवणीचा आधार मिळणार नाही आणि स्वर एक एक करून वाचावे लागतील.