जादा वेळ मिळाला, पण डबा कधी खायचा?

“मॅडम, तोंडी सगळं येतंय हो त्याला. पेपरातच काय होतंय कळंना.”

सहामाहीचे पेपर घरी आले, की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. या वेळी ते कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या एका आईचं होतं. मुलगा नववीत. त्याला आपण ओंकार म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचेही तपशील बदलले आहेत. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत. रात्रपाळी करून तसेच आलेले, खुर्चीत पेंगत होते.

मी इतिहासाचा पेपर चाळला. पहिली दीड पानं भरलेली, पुढं कोरं. काना-मात्रा गळालेल्या, जोडाक्षरं फुटलेली. राहिलेल्या प्रश्नांपैकी एक मी तोंडी विचारला. पठ्ठ्यानं पाच मिनिटं न थांबता उत्तर दिलं, वर मला एक सन दुरुस्त करून दिला.

आधी डोळे आणि कान तपासून घेतले, मग बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. चार-पाच खेपा झाल्या. अध्ययन अक्षमता निघाली, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडचण. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्रही मिळालं. आता परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहून देणारा मुलगा, मागता येणार होता. आईचा खरा प्रश्न त्यानंतर आला, तोही ओंकारला बाहेर पाठवून. “लेखनिक घेतला तर पोराला वेडं ठरवतील का? आणि बाकीच्या पोरांवर अन्याय न्हाई व्हय ह्यो?”

हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात, काही शिक्षकही. मी त्यांना म्हटलं, इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो, हात किती भराभर चालतो ते नाही. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कॉपीबहाद्दर म्हणतो का? शिवाय ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक देण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे. आईला पटलं. निदान मान तरी हलवली.

सवलत कागदावर मिळाली, की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. खरी मेख पुढं असते.

दुसऱ्या घटक चाचणीला शाळेनं लेखनिक दिला, जादा वेळ दिला आणि ओंकारचे गुण चक्क कमी झाले. आईनं फोनवर रडून घेतलं. “बघा, म्हणत होतो ना मी!”

मी शाळेत गेले. परीक्षा विभाग सांभाळणारे सर कातावलेले होते. “एका पोरासाठी कुठं कुठं पळायचं?” त्यांचंही खोटं नव्हतं. लेखनिक एक इयत्ता खालचा लागतो, म्हणजे आठवीचा. आणि त्याच वेळी आठवीचाही पेपर! ऐनवेळी ज्याचा पेपर लवकर संपला, त्याला धरून आणलेलं. ओंकारनं त्याला त्याआधी कधी पाहिलेलंही नव्हतं. बसवलं होतं शिक्षकांच्या खोलीत, तिथं चहा येतोय, गप्पा चालल्यात. बीजगणित ११ ते १, भूमिती २ ते ४. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे दोन तासांच्या पेपराला ४०. पहिला पेपर सुटला १ वाजून ४० मिनिटांनी. डबा अर्धा खाल्ला आणि भूमितीला बसला. इकडं ४ ची घंटा झाली, मैदानावर पोरांचा कालवा, सव्वाचार वाजता रिक्षामामा निघून जाणार. त्यानं शेवटचे दोन प्रश्न सोडूनच दिले. जादा वेळेनं त्याचं नुकसानच केलं होतं.

सरांसमोर वेळापत्रक पसरून बसलो. तासाभराचं काम. वार्षिकला पाचवी ते आठवी सकाळी आणि नववी दुपारी ठेवली, त्यामुळे लेखनिक मोकळा झाला. गणिताचे दोन भाग दोन दिवसांवर टाकले. (याचा फायदा सगळ्या वर्गाला झाला, त्याबद्दल कुणी अन्यायाची तक्रार केली नाही.) खोली ग्रंथालयाशेजारची, घंटेपासून लांब. शेवटच्या ४० मिनिटांना पर्यवेक्षक म्हणून ग्रंथपालांचं नाव आधीच लिहून ठेवलं. रिक्षाचा प्रश्न वडिलांनी सोडवला. पहिली पाळी मागून घेतली, मोटारसायकलवरून न्यायला यायचं ठरलं.

राहिला सराव. मजकूर सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. आधी उत्तराचा सांगाडा मनात, मग वाक्य, मग थांबायचं, “नवीन मुद्दा” म्हणायचं, वाचून दाखवायला सांगायचं. आकृतीतल्या नावांचं तर विचारूच नका. वार्षिकच्या आधी चार शनिवार ओंकार आणि त्याचा लेखनिक या दोघांना जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या. पहिल्या शनिवारी पुन्हा फजिती झाली, तेव्हा आईच्या आधी वडील बोलले. त्या दिवशी ते पूर्ण जागे होते. “नव्या मशीनवर पहिलं चार जॉब रिजेक्ट जात्यातच मॅडम. पोराला का एकदम पास करायला लावतायसा?” माझ्या तासाभराच्या समजावणीपेक्षा हे आईला जास्त पटलं.

आपल्या कोल्हापूर विभागाचा दहावीचा निकाल तगडा असतो. २०२४ ला ९७.४५ टक्के, कोकणाच्या पाठोपाठ. अशा ठिकाणी नववीतलं कोरं पान हे आळसाचंच लक्षण समजलं जातं. म्हणून पालकांना सांगते, बोर्डाच्या परीक्षेची वाट बघू नका. सवलत आधी घटक चाचणीत वापरून बघा, तिथं बिघडू द्या. प्रस्तावही शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. दहावीच्या जूनमध्येच मुख्याध्यापकांच्या मागं लागा.

वार्षिकला ओंकारनं मराठीचा निबंध स्वतःच्या हातानं लिहायचं ठरवलं. फक्त जादा वेळ घेतला. लेखनिक त्यानं सामाजिक शास्त्र आणि विज्ञानाला वापरला. पेपर संपल्यावर मला भेटायला आला, तो तक्रार घेऊनच. “मॅडम, दहावीला दुसरा लेखनिक बघा. ह्यो लई सावकाश लिवतोय.”

प्रमाणपत्राची मूळ प्रत आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे, झेरॉक्स माझ्याकडे.