साडेबाराशेचे सव्वा: जर्मनीत डेटाच्या कामाला येण्याआधी

तू विचारलंयस की चाकणला क्वालिटीत चार वर्षं झाली, डेटा अॅनालिटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स केला, आता ऑपॉर्च्युनिटी कार्डावर, म्हणजे नोकरी शोधायच्या परवान्यावर, जर्मनीला येऊन 'फॅक्टरी सोडून प्युअर डेटामध्ये' शिरायचंय. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुरे का, आणि कुठल्या इंडस्ट्रीत स्कोप आहे? मी नऊ वर्षं श्टुटगार्टला आहे. त्यातली सहा एका बेकरीच्या साखळीत, उद्या कुठल्या दुकानात किती माल पाठवायचा याचे अंदाज काढण्यात गेली. त्यामुळे उत्तराला पावाचा वास येईल, चालवून घे.

पहिल्याच महिन्यातली माझी फजिती ऐक. एका विभागाकडून ऑर्डरची फाइल आली, त्यात 1.250 ब्रेत्सेल लिहिलेले. ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारल्यासारखा दिसणारा खारा पाव. जर्मनीत हजारासाठी टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम, आपल्या बरोब्बर उलट. माझ्या प्रोग्रॅमने साडेबाराशेचे सव्वा केले. पहाटे माल भरणाऱ्या बाईंचा फोन आला: "एक अख्खा पाठवते, पण वरचा चतकोर कुठून कापू?" त्या दिवसापासून कुठलीही फाइल आली की मी आधी आकडे डोळ्यांनी वाचते.

मग कॅलेंडर. इथे सुट्ट्या राज्याराज्यांत वेगळ्या. 6 जानेवारीला आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये सुट्टी, शेजारच्या हेसनमध्ये कामाचा दिवस. ईस्टर आपल्या गणपतीसारखा दर वर्षी पुढेमागे होतो आणि त्याच्यामागे आणखी तीन-चार सुट्ट्या सरकतात. त्यातल्या दोन कायम गुरुवारीच येतात, मग लोक शुक्रवारही टाकतात, त्याला 'पुलाचा दिवस' असा खास शब्दच आहे. मागच्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज काढलास तर मेलास. शाळेजवळचं दुकान जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत झोपतं, तलावाजवळचं त्याच दिवसांत धावतं.

यातलं कोर्समध्ये न शिकवलेलं सांगते. दुपारी तीनला दोनशे ब्रेत्सेल संपले, तर सिस्टीम म्हणते विक्री दोनशे. पण मागणी दोनशे नव्हती, माल दोनशे होता! तीननंतर किती गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली याची नोंद कुठेच नाही. अशा आकड्यांवर अंदाज काढणारं मॉडेल शिकवलं की ते दुकानाला कायम कमी माल पाठवतं, आणि अंदाज अचूक आला म्हणून आपण खूश. म्हणून आम्ही शेवटचा ब्रेत्सेल किती वाजता विकला गेला ते बघतो. उलट बाजूने, संध्याकाळी सहाला फळ्या रिकाम्या दिसता कामा नयेत असा वरून आग्रह असतो. मग उरलेलं गुरांच्या खाद्यात जातं. किती वाया गेलेलं चालेल, हे मॉडेल ठरवत नाही. ते भांडण दर सोमवारी माणसांमध्ये होतं, जर्मनमध्ये होतं, आणि तिथे गप्प बसणाऱ्याला काही किंमत नसते.

आणखी एक धक्का म्हणजे कामगार परिषद, कंपनीतल्या कामगारांनी निवडून दिलेली. प्रत्येक शिफ्टला किती माल फेकला जातो याचा डॅशबोर्ड मी मोठ्या उत्साहाने केला. छोट्या दुकानात शिफ्टला एकच बाई असते, म्हणजे तो आकडा थेट तिच्यावर बोट दाखवतो. कामगाराच्या कामावर नजर ठेवता येईल असं सॉफ्टवेअर बसवायचं तर इथे कायद्याने परिषदेची संमती लागते. माझा डॅशबोर्ड तीन महिने अडकला, शेवटी दुकानवार, आठवड्याच्या बेरजेवर सुटला. तेव्हा चिडले होते. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

बाकीच्या धंद्यांतही हेच, माल वेगळा. ऑनलाइन कपडेवाल्यांचं निम्मं डोकं परत येणाऱ्या पार्सलांत जातं, कारण इथे आधी माल, मग बिल अशी जुनी सवय आहे. लोक एकाच ड्रेसचे दोन साइझ मागवतात. वीजवाल्यांना मे महिन्यातल्या उन्हाच्या रविवारची भीती, सोलरची वीज इतकी येते की बाजारात भाव शून्याखाली जातो. कर्जाच्या क्षेत्रात गिऱ्हाइकाचे गुण, म्हणजे क्रेडिट स्कोअर, काढून मोकळं होता येत नाही. बँक मुख्यतः त्या गुणांवरच कर्ज नाकारत असेल, तर गुण काढणं हाच 'यंत्राने घेतलेला निर्णय' ठरतो, असं युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये म्हटलंय.

आता तुझं. फॅक्टरी सोडू नकोस. इथल्या आसपासच्या छोट्या गावांत पंप, गिअर, कटिंग टूल बनवणाऱ्या कंपन्या आहेत. मशिनवर सेन्सर लावून झालेत, डेटा साठतोय, पण कुठलं कंपन बेअरिंगचं आणि कुठलं शेजारून गेलेल्या फोर्कलिफ्टचं, हे ओळखणारा माणूस त्यांना हवाय. तू कंट्रोल चार्ट, म्हणजे उत्पादन मर्यादेत आहे का दाखवणारा आलेख, वाचतोस, रिजेक्शन वाढलं की 8डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, लिहितोस. नुसत्या पायथॉनवाल्यांच्या रांगेत हे फार थोड्यांकडे असतं. एस्क्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, पक्कं कर, सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून डेटा काढायला शिक, बस.

आणि जर्मन. ऑपॉर्च्युनिटी कार्डासाठी लागणाऱ्या 6 गुणांत ती धरली जातेच, पण खरी गरज त्या सोमवारच्या मीटिंगची. रानडे इन्स्टिट्यूट असो नाहीतर मॅक्स म्युलर भवन, बी1 पुण्यातच करून ये (भाषेच्या पातळ्या ए1पासून सुरू होतात, बी1 ही मधली). ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा नोकरीचा परवाना, मिळालं तर बी1वर 21 महिन्यांत कायमच्या परवान्याचा अर्ज करता येतो, ए1वर 27. तुझी पदवी आणि कॉलेज अनाबिन या सरकारी यादीत आजच बघ. ऑपॉर्च्युनिटी कार्ड एका वर्षाचं, तोवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. शक्य असेल तर चाकणहूनच अर्ज टाकत राहा. ऑफर हातात घेऊन आलास तर झोप नीट लागेल.

सीव्हीत कोर्सचं सर्टिफिकेट खाली टाक. वर तुझ्या लाइनवरचं रिजेक्शन कशामुळे वाढलं होतं आणि तू ते कसं शोधलंस, ते चार ओळींत लिही. रिजेक्शनला इथे 'आउसशुस' म्हणतात. समितीलाही तोच शब्द आहे. माझ्या एका मुलाखतीत साहेबांनी "आउसशुस कमी कसा कराल?" विचारलं, आणि मी समितीतली माणसं कमी करण्यावर दहा मिनिटं बोलले.